खेळून पोट भरते का? खडकीच्या धनराजची आणि त्याच्या अम्माची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

देवळी, सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि आपल्या वर्धा तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या बायांना आमचा नमस्कार. स्वयंपाक करता करता ऐकत असाल तर गॅस थोडा बारीक करा, वावरात असाल तर धुऱ्यावर दहा मिनिटं टेका. आज आपण जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. खेळावर.

तुम्ही म्हणाल, खेळाचं आपल्याला काय? पण गटांच्या बैठकीत हा विषय आम्ही कितीदा तरी ऐकला आहे. पोरगी कबड्डीत तालुक्याला निवडून येते. पोरगा शाळा सुटली की सांजवेळपर्यंत मैदानावरच असतो. आणि घरात एकच प्रश्न निघतो, ‘खेळून पोट भरते का?’ पोराला हा प्रश्न रागावून विचारतात. पोरीला तर विचारतही नाहीत, सरळ सांगतात, ‘आता पुरे झालं.’ या प्रश्नाचं उत्तर आम्ही ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देणार नाही. एका खेळाडूचा सगळा हिशोब आम्ही तुमच्यापुढे मांडतो. जमा काय, खर्च काय, आणि त्या हिशोबात आईचा वाटा किती, हे तुम्हीच पाहा.

मोबाईलवर आपली पोरं एक खेळ पाहतात. बर्फाच्या गुळगुळीत मैदानावर पायात धारदार पात्यांचे बूट घालून घसरत जातात, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती. ती बर्फावरची हॉकी, म्हणजे आइस हॉकी. एका बाजूला सहा जण. खेळ इतका दमवणारा की आघाडीचा खेळाडू एका वेळी मिनिटभरच खेळतो, बाहेर येऊन दम घेतो आणि पुन्हा आत जातो. कॅनडा-अमेरिकेत या खेळावर माणसं लक्षाधीश होतात. आपल्या देशात तो लडाखमध्ये खेळतात, तिथे हिवाळ्यात तळी गोठतात म्हणून. तिथल्या मुलींचं नाव आपण पुढे घेऊच. आपल्या वर्ध्यात उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा गार राहत नाही, तिथे बर्फाचं मैदान कुठून आणायचं! म्हणून आज आपण मातीवरच्या हॉकीकडे जाऊ. आपल्या महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या, आघाडीला खेळणाऱ्या एका खेळाडूकडे. त्याचं नाव धनराज पिल्ले.

आधी आघाडीचा खेळाडू म्हणजे काय, ते समजून घेऊ. हॉकीचं मैदान साधारण ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. एका बाजूला अकरा जण. एक जण गोल राखतो, काही मागे राहून अडवतात, काही मधे राहून चेंडू पुढे पोचवतात, आणि आघाडीचे पुढे जाऊन गोल करतात. काठीची एकच सपाट बाजू चेंडूला लावायची, उलटी बाजू लागली की चूक. चेंडू पायाला लागला तरी चूक. आणि समोरच्या गोलापुढे जो अर्धगोल आखलेला असतो, त्याच्या आत शिरून मारलेला गोलच गोल धरतात. लांबून कितीही जोरात मारा, उपयोग नाही. म्हणजे आघाडीच्या माणसाला पळत, वाकून, चेंडू काठीला चिकटवून ठेवत, समोरच्या तीन-चार जणांना चुकवत त्या अर्धगोलात शिरावंच लागतं. त्याला सर्वांत जास्त काठ्या लागतात. गोल झाला तर टाळ्या त्याला, हुकला तर शिव्याही त्यालाच. धनराजच्या काळात सामना ७० मिनिटांचा असायचा.

आता त्याच्या घराकडे जाऊ. आपल्या पुलगावला जसा दारूगोळ्याचा डेपो आहे आणि त्याच्या आधारानं वसाहत उभी राहिली आहे, तशीच पुण्याजवळ खडकी आहे. तिथे इंग्रजांच्या काळापासून दारूगोळ्याचा कारखाना. कारखान्याच्या कामगारांची वसाहत आणि वसाहतीची मैदानं. या वसाहतीत नागलिंगम पिल्ले नावाचे गृहस्थ मैदानाची देखभाल करायचे. घर तमिळ, पण राहणं खडकीचं. त्यांच्या बायकोचं नाव अंदलम्मा. या घरात १६ जुलै १९६८ ला चौथा मुलगा जन्मला. घरात पैशांची ओढाताण, म्हणून मुलाचं नाव ठेवलं धनराज. निदान नावात तरी धन असावं, आणि त्या नावाच्या पायगुणानं घरात यावं, अशी आशा.

बायांनो, या घरात पाच मुलगे. एकट्या नवऱ्याच्या पगारात एवढ्या पोरांचं पोट भरणं काय असतं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. डब्यातलं पीठ संपायच्या आधी महिना संपत नाही. अशा घरातली आई काय म्हणेल? ‘खेळ सोडा, कुठेतरी कामाला लागा.’ बहुतेक आया हेच म्हणतात, आणि त्यांचं चुकतंय असं आम्ही म्हणणार नाही. पण अंदलम्मानं पाचही मुलांना हॉकी खेळू दिली. नुसती खेळू दिली नाही, खेळा म्हणाली. धनराज पुढे मोठा झाला, जगभर फिरला, आणि आपण जे काही झालो ते आईमुळे झालो, हे त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याच्या जीवनावर संदीप मिश्रा यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘फर्गिव्ह मी अम्मा’ आहे. म्हणजे, ‘अम्मा, मला क्षमा कर.’ जन्मभर गोल मारणाऱ्या माणसाच्या पुस्तकाच्या नावात आईच आहे.

हॉकी खेळायची तर काठी पाहिजे. नवी काठी विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. धनराज मोडक्या काठ्यांनी, टाकून दिलेल्या चेंडूंनी खडकीच्या धुळीच्या मैदानावर खेळायचा. सोबत्याची काठी मागून घ्यायची, त्याचा खेळ झाला की आपण खेळायचं. मोठ्या भावाची भारताच्या शिबिरासाठी निवड झाली तेव्हा त्यानं आपली जुनी काठी धाकट्याला दिली. ती धनराजची पहिली स्वतःची काठी. जुनी होती, पण त्याच्यासाठी सोन्याची होती. आपल्या घरात मोठीचा फ्रॉक धाकटीला येतो, दप्तर येतं, पुस्तकं येतात, तसंच हे. धुळीच्या मैदानावर पाहायला आणि नक्कल करायला त्याच्यापुढे एक नाव होतं, मोहम्मद शाहिद. हे त्या वेळचे भारताचे नामांकित आघाडीचे खेळाडू. त्यांच्यासारखा चेंडू खेळवता यावा म्हणून हा पोरगा दिवस दिवस घासायचा.

शाळेत मात्र त्याचं मन लागलं नाही. कशीबशी दहावीपर्यंत गाडी आली आणि थांबली. हॉकी नसती तर आपल्याला शिपायाची नोकरीही मिळाली नसती, असं त्यानं स्वतःच एका मुलाखतीत सांगितलं आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

१९८५ साली मणिपूरला ज्युनियर गटाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. धनराज तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, अंगानं बारीक. त्याच सुमारास तो मुंबईला थोरल्या भावाकडे, रमेशकडे गेला. रमेश आरसीएफ म्हणजे राष्ट्रीय केमिकल्सकडून मुंबईच्या लीगमध्ये खेळायचा, आणि भारताकडूनही खेळला होता. भावानं त्याला हाताशी धरलं. चेंडू घेऊन सुसाट सुटणं हा धनराजचा गुण, त्याला भावानं वळण लावलं. पुढे महिंद्रा कंपनीच्या संघात जागा मिळाली आणि जोकिम कार्व्हालो यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले. त्या काळी कंपन्या, रेल्वे, बँका आपापले संघ ठेवायच्या. खेळाडूला तिथे नोकरी मिळायची. खेळून पोट भरतं का, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. त्या काळात पोट भरायचं ते खेळामुळे मिळालेल्या नोकरीवर.

पण वाट सरळ नव्हती. १९८८ च्या ऑलिंपिकच्या शिबिरासाठी खेळाडू निवडायचे होते. ५७ जणांची यादी निघाली. धनराजला खात्री होती की आपलं नाव असेल. नव्हतं. वीस वर्षांचं पोर, एवढी मेहनत, आणि ५७ नावांतही आपण नाही! अशा वेळी घरी परत येऊन ‘जाऊ द्या, आपल्या नशिबात नाही’ म्हणणारे खूप असतात. तो थांबला नाही. वर्षभरानं शिबिराचं बोलावणं आलं, आणि डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीला आशिया कपमध्ये तो भारताकडून पहिल्यांदा खेळला.

तिथून पुढे पंधरा वर्षं, २००४ पर्यंत, तो भारताच्या आघाडीला होता. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा. १९९४ च्या विश्वचषकानंतर जगातल्या उत्तम खेळाडूंचा जो संघ निवडला गेला, त्यात भारताचा तो एकटाच होता. २००२ मध्ये जर्मनीत कोलोन शहरी झालेल्या चॅम्पियन्स ट्रॉफीत स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तेव्हा त्याचं वय ३४. या वयात आघाडीला पळणं सोपं नाही.

या पंधरा वर्षांतले तीन प्रसंग आम्हाला तुम्हाला सांगायचेच आहेत.

पहिला १९९८ चा, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेतला. भारताला या स्पर्धेत हॉकीचं सुवर्णपदक १९६६ नंतर मिळालंच नव्हतं. ३२ वर्षं झाली होती. धनराज कर्णधार. अंतिम सामन्यात कोरियाशी बरोबरी झाली, मग पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागायचा ठरला. गोलरक्षक आशिष बल्लाळनं चेंडू अडवले आणि भारत जिंकला. देशभर आनंद झाला. आणि थोड्याच दिवसांनी पुढचा संघ निवडला गेला तेव्हा धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू त्यात नव्हते. त्यांना विश्रांती दिली आहे, असं सांगण्यात आलं. पण खेळाडूंना मिळणारा भत्ता किती तुटपुंजा आहे, सोयी किती कमी आहेत, हे धनराज उघड बोलला होता, आणि त्याचाच हा राग काढला असं तेव्हा सगळीकडे बोललं आणि लिहिलं गेलं. बायांनो, मजुरी वाढवून मागणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी निंदणाला बोलावत नाहीत, हे आपण पाहिलं आहे ना? देशाला सोनं मिळवून देणाऱ्या कर्णधारालाही असाच अनुभव आला. पण तो पुन्हा संघात आला, आणि बोलायचंही थांबला नाही.

दुसरा प्रसंग २००० चा, सिडनी ऑलिंपिकचा. पोलंडविरुद्धचा सामना जिंकला की भारत उपांत्य फेरीत, म्हणजे पदकाच्या दारात. भारत एक गोलनं पुढे होता. सामना संपायला मिनिट-दोन मिनिटं उरली, आणि पोलंडनं गोल केला. बरोबरी झाली. दार बंद झालं. धनराज मैदानावर रडला. चार ऑलिंपिक खेळूनही त्याला ऑलिंपिकचं पदक मिळालं नाही. सोयाबीन कापून ढीग लावावा, ताडपत्री आणायला घरी जावं आणि तेवढ्यात पाऊस यावा, तसं हे. मेहनतीत काही कमी नव्हती. तरी हातात आलं नाही. खेळात असं होतं, आणि पोराला खेळायला पाठवताना आईनं हेही धरून चालायचं असतं.

तिसरा प्रसंग २००३ चा. मलेशियात क्वालालंपूरला आशिया कपचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान, आणि कर्णधार पुन्हा धनराज. १९८९ ला याच स्पर्धेत तो पहिल्यांदा खेळला होता, आणि तेव्हा भारत अंतिम सामन्यात पाकिस्तानकडूनच हरला होता. चौदा वर्षांनी, पस्तिसाव्या वर्षी, त्याच्या संघानं पाकिस्तानला ४-२ नं हरवलं. आशिया कप भारतानं पहिल्यांदाच जिंकला.

आता गटातल्या बाया म्हणतील, पदकं झाली, पैशांचं सांगा. सांगतो.

सुरुवातीची कित्येक वर्षं धनराज भारताचा नावाजलेला खेळाडू होता आणि मुंबईच्या लोकलनं गर्दीत उभा राहून फिरत होता. टॅक्सी परवडत नव्हती. एकदा स्टेशनवरच्या गर्दीत कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की हॉकीचा तारा अजून लोकलनं प्रवास करतो. तेव्हा त्याला कळलं की आपण ओळखीचा चेहरा झालो. पण करणार काय? येणारा पैसा घराला लागत होता. त्यानं हळूहळू पैसे जमवले, बहिणीचं लग्न केलं, पुण्याला आईला दर महिन्याला पैसे पाठवायला लागला. पहिली गाडी मिळाली तीही जुनीच. हा क्रम पाहा. आधी बहीण, मग आई. बचत गटाच्या कोणत्याही बाईला हा हिशोब लगेच समजेल.

पुढे तो इंडियन एअरलाइन्सच्या नोकरीत गेला. त्याशिवाय परदेशातल्या क्लबांनी त्याला पैसे देऊन खेळायला बोलावलं. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश, हाँगकाँग. सुगीच्या दिवसांत जसे आपल्याकडचे मजूर दुसऱ्या जिल्ह्यात जातात, तसा हा काठी घेऊन देशोदेशी जायचा. २००५ मध्ये भारतात पहिल्यांदा हॉकीची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तो मराठा वॉरियर्स या संघाकडून खेळला. त्याला देशाचा सर्वांत मोठा क्रीडा पुरस्कार म्हणजे खेलरत्न मिळाला, पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र सरकारनं मुंबईत पवईला घर दिलं. नावातलं धन आलं, पण यायला फार वर्षं लागली, आणि क्रिकेटवाल्यांच्या तुलनेत ते थोडंच होतं.

त्याच्या स्वभावाबद्दलही बोललं पाहिजे. धनराज तापट म्हणून प्रसिद्ध. मैदानावर चिडायचा, अधिकाऱ्यांना तोंडावर बोलायचा. त्यानं याचं कारण स्वतः सांगितलं आहे. लहानपण गरिबीत गेलं, आईनं आम्हाला वाढवायला किती हाल सोसले ते पाहिलं, मनात कायम असुरक्षित वाटायचं, त्यातून हा राग आला. पण त्याच आईनं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. नाव झालं तरी पाय जमिनीवर ठेव. तो तिच्याशी रोज रात्री झोपण्याआधी बोलायचा. आणि थोरल्या भावाच्या बायकोलाही तो आईसारखंच मानायचा. खेळाडूच्या मागं एक घर असतं, आणि त्या घरात बाया असतात. पेपरात त्यांची नावं येत नाहीत.

आता आमचा खरा प्रश्न. अंदलम्माला पाच मुलांऐवजी पाच मुली असत्या तर? त्या काळी वसाहतीतल्या लोकांनी पाच मुलींना धुळीच्या मैदानावर खेळू दिलं असतं का? आणि आज आपल्या गावात देतात का?

असा प्रश्न पडला की पुण्याच्याच एलायझा नेल्सनचं नाव घ्या. दिल्लीला १९८२ मध्ये आशियाई स्पर्धा झाल्या, त्यात बायांची हॉकी पहिल्यांदाच घेतली गेली, आणि भारतानं पहिल्याच खेपेला सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार होती एलायझा नेल्सन. पुरुषांच्या संघाला सोनं मिळायला अजून सोळा वर्षं होती! किती जणींना हे नाव माहीत आहे?

अलीकडचं पाहायचं तर सातारा जिल्ह्यातला फलटण तालुका पाहा. आसू गावची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे. दोघी शेतकऱ्यांच्या घरच्या, दोघी भारताकडून हॉकी खेळल्या. २०२३ मध्ये चीनमध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या बायांच्या संघाला कांस्यपदक मिळालं, त्या संघात वैष्णवी होती. फलटणचं काही वेगळं पाणी नाही. तिथे शाळेत हॉकी होती, शिकवणारे होते, आणि पोरींना घरून सोडणारे आईबाप होते.

आणि लडाखच्या मुली. बर्फावरच्या हॉकीचा भारताच्या बायांचा संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा परदेशी स्पर्धेत उतरला. सगळे सामने हरला. बूट मागून आणलेले, सराव गोठलेल्या तळ्यावर, तोही हिवाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं आणि पहिला विजय मिळवला. १९९८ मध्ये धनराजच्या संघानं सोनं जिंकलं ते याच शहरात.

तर मायबहिणींनो, हिशोब काय निघाला? खेळून पोट भरतं, पण सगळ्यांचं भरत नाही, आणि नुसत्या खेळानं भरत नाही. धनराजसारखा एखादाच होतो. म्हणून त्याच्या गोष्टीतून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे नीट ठरवू.

घ्यायचं नाही ते आधी सांगतो. शाळा सोडणं घ्यायचं नाही. धनराजला कंपनीच्या संघात जागा मिळाली म्हणून तो तरला. पायाला एकदा मोठी दुखापत झाली असती तर दहावीपर्यंतच्या शिक्षणावर काय मिळालं असतं, हे त्यानंच सांगितलं आहे. खेळ आणि शाळा एका बंडीचे दोन बैल आहेत. एकट्याला जुंपू नका.

आता घ्यायचं काय? एक, शाळेच्या क्रीडा स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींसाठी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात. आपल्या मुलीनं नाव दिलं आहे का, हे सरांना, बाईंना जाऊन विचारा. वर्ध्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथे गटातल्या दोघी-तिघी मिळून जाऊन माहिती घ्या. एकटीला संकोच वाटतो, तिघींना वाटत नाही.

दोन, प्रमाणपत्रं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला खेळाचे जादा गुण मिळतात. पण त्यासाठी ठरलेल्या पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि नोकरीच्या वेळी त्याची तपासणी होते. ते प्रमाणपत्र भिंतीला चिकटवू नका, उंदराच्या तोंडी देऊ नका. सातबारा आणि बँकेचं पासबुक जिथे ठेवता, तिथेच ठेवा.

तीन, क्रीडा प्रबोधिनी. ही राज्य सरकारची निवासी व्यवस्था आहे. लहान वयात चाचणी घेऊन मुलंमुली निवडतात. राहणं, शिकणं, सराव सगळं तिथेच. फलटणची अक्षता याच वाटेनं पुण्याला गेली. चाचण्या केव्हा असतात ते शाळेत आणि क्रीडा कार्यालयात विचारत राहा.

चार, ताट. पळणाऱ्या पोरीला जास्त लागतं. डाळ, अंडं, शेंगदाणा-गूळ, पालेभाजी. तिचं रक्त कमी आहे का, ते आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात तपासून घ्या. भावाच्या ताटात पडतं तेवढं तिच्या ताटात पडतं का, हे आपणच पाहायचं. पाळी सुरू झाली की पोरगी मैदान सोडते, असं आपल्या गावागावात दिसतं. पाळीत खेळता येतं. कापड किंवा पॅड नीट मिळालं, कपडे बदलायला आडोसा मिळाला, तर ती खेळते. हा आडोसा शाळेत आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो.

पाच, वेळ. धनराजला आईनं सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती वेळ. पोरगी शाळेतून आली की पाणी, भांडी, लहान भाऊ, चूल. यातला एक तास तिला मोकळा करून द्या. तिच्या वाटचं एक काम भावाला द्या. यात पैसा लागत नाही. भांडण होईल थोडं, पण ते आपल्याला नवीन नाही.

सहा, मैदान. गावाच्या मोकळ्या जागेवर उकिरडा आला, बांधकामाची रेती आली, की पोरं रस्त्यावर येतात आणि पोरी घरात जातात. खडकीला मैदान होतं, आणि ते राखायला एक माणूस होता. तोच धनराजचा बाप. आपल्या गावचं मैदान कोण राखतं?

गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोबाची वही मिटली की तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात कोणत्या मुलीनं खेळ सोडला, आणि का सोडला? तिला परत आणायला गट काय करू शकतो? आणि आपण स्वतः कोणत्या वर्षी खेळणं बंद केलं, कुणी सांगितलं म्हणून? तिसऱ्या प्रश्नाला थोडं हसू येईल, थोडे डोळे भरतील. येऊ द्या. मग पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सापडतील.

तुमच्या गटात जे बोलणं होईल ते आम्हाला कळवा. तुमच्या गावची पोरगी तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला गेली तर तेही कळवा. ती पहिल्याच फेरीत हरून आली तरी कळवा. आम्ही तिचं नाव रेडिओवर घेऊ, तिच्या मायचंही घेऊ.

नमस्कार.